पॅनेल मरतं ते कडेकडून

सोलर पॅनेल उलटं करून मागचं लेबल वाचायची मला सवय आहे. दुकानदार वैतागतात, पण खरी गोष्ट तिथेच लिहिलेली असते. वर ठळक अक्षरांत 540 वॉट, 550 वॉट असं काहीतरी, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत त्याची अट: सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या वीज करणाऱ्या तुकड्याचं, तापमान 25 अंश, उजेड चौरस मीटरला 1000 वॉट. भर उन्हात सेल 25 अंशांवर राहील असा दिवस वेंगुर्ल्यात कुठून आणायचा? मे महिन्यात गोठ्याच्या पत्र्यावर हात ठेवून बघा. तिथे सेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत सहज तापतो, आणि तापला की वीज कमी देतो. नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलमध्ये ही घट दर अंशामागे साधारण 0.35 टक्के धरतात. म्हणजे 65 अंशांवर 14 टक्के गेले, तेही ऊन सगळ्यात कडक असताना.

निवृत्त होईपर्यंत मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुणाला सोलर बसवायचा असला की मंडळी आमच्या ओटीवर येऊन बसतात. 2024 च्या फेब्रुवारीत सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं हे कळलं, तेव्हापासून ही वर्दळ वाढली. किती किलोवॉट लागतील, नेट मीटर कसा चालतो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. हल्लीचा प्रश्न वेगळा असतो. "मॅडम, ते नवीन पातळ पॅनेल आलंय म्हणे, चटईसारखं गुंडाळता येणारं. ते आमच्या कौलांवर चालेल?" मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिलेला असतो. त्यात एक माणूस काळी गुंडाळी झटकन उलगडतो आणि छपरावर चिकटवून मोकळा होतो. त्याच्या छपरावर शेवाळ नसतं, हे मला सगळ्यात आधी दिसतं.

मुळात ते नवीन नाही. आपल्या किराणा दुकानांत गल्ल्याशेजारी जो कॅल्क्युलेटर असायचा, त्याच्या माथ्यावरची तपकिरी पट्टी आठवते? ती थिन फिल्मच, म्हणजे पातळ थराचा सेलच, होती. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत डेव्हिड कार्लसन आणि ख्रिस्तोफर व्रॉन्स्की यांनी 1976 मध्ये अमॉर्फस सिलिकॉनचा, म्हणजे स्फटिक नसलेल्या सिलिकॉनचा सेल जाहीर केला. त्याची कार्यक्षमता 2.4 टक्के होती. पुढच्याच वर्षी स्टेबलर आणि व्रॉन्स्की यांनी दाखवून दिलं की हा पदार्थ उन्हात ठेवला की उन्हानेच खराब होतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत त्याची वीज चांगलीच उतरते आणि मग कुठेतरी स्थिरावते. सूर्यावर चालणारी वस्तू सूर्यानेच थकावी! यातला एक मजेशीर भाग असा की चांगली उष्णता मिळाली तर झालेलं नुकसान थोडंफार भरूनही येतं. ट्यूबलाइटखाली आकडेमोड करायला एवढं पुरेसं होतं, घराचा पंप चालवायला नव्हतं.

मग पातळ करायचा हट्ट कशासाठी? कारण स्फटिक सिलिकॉन प्रकाश लवकर शोषत नाही. प्रकाश त्यात बराच आत जावा लागतो, तेव्हा कुठे पुरता पकडला जातो. म्हणून सिलिकॉनची चकती आजही 150 मायक्रॉनच्या आसपास जाड असते, आणि ती करायला सिलिकॉन 1414 अंशांच्या वर वितळवावं लागतं, त्याचा स्फटिक वाढवावा लागतो, तो तारेने कापावा लागतो. कापताना भुसा पडतो, तोही महागड्या सिलिकॉनचाच. कॅडमियम टेल्युराइड या पदार्थाला हे सोपस्कार लागत नाहीत. दोन-तीन मायक्रॉनचा थर, केसाच्या विसाव्या हिश्श्याएवढा, आणि त्याला चालणारा जवळजवळ सगळा प्रकाश त्यात अडकतो. तापवून त्याची वाफ करायची, ती काचेवर बसू द्यायची. कारखान्यात एका टोकाने कोरी काच आत जाते आणि चारेक तासांत दुसऱ्या टोकाने पॅनेल होऊन बाहेर येते. फर्स्ट सोलर या कंपनीचा असा एक कारखाना 2024 च्या जानेवारीत चेन्नईजवळ सुरू झाला, वर्षाला 3.3 गिगावॉट पॅनेल काढायची क्षमता असलेला. म्हणजे ही गोष्ट आता परदेशातली राहिलेली नाही.

2008 मध्ये या तंत्राला मोठे दिवस येणार असं वाटत होतं. शुद्ध सिलिकॉनचा भाव तेव्हा किलोला 400 डॉलरच्या वर गेला होता, आणि ज्यात सिलिकॉनच लागत नाही त्या प्रत्येक कल्पनेवर पैसे ओतले जात होते. मग सिलिकॉनचे कारखाने वाढले, भाव कोसळला आणि बऱ्याच कंपन्या त्याखाली गेल्या. त्यातली सोलिंड्रा सगळ्यात गाजली. काचेच्या नळ्यांत थिन फिल्म भरणाऱ्या या कंपनीला अमेरिकन सरकारने 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. 2011 मध्ये तिचं दिवाळं निघालं. आज जगात बनणाऱ्या पॅनेलमध्ये थिन फिल्मचा वाटा शंभरात पाचसुद्धा नाही. ओटीवर बसून "ते नवीन तंत्र" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. पण गोष्ट इथे संपत नाही, कारण आपण राहतो कोकणात.

दमट हवेची इथे एक गंमत आहे. सूर्यप्रकाशाच्या ज्या भागाला आपण डोळ्यांनी पाहू शकत नाही, त्या तांबड्यापलीकडच्या भागातला काही प्रकाश हवेतली वाफ खाऊन टाकते. 940 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास तिचा मोठा घास असतो. सिलिकॉन साधारण 1100 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश वापरतं, म्हणजे वाफेने त्याच्या ताटातलं उचललं. कॅडमियम टेल्युराइडची मजल साडेआठशे नॅनोमीटरच्या आसपासच संपते. वाफेने जे नेलं ते त्याला लागतच नव्हतं. त्यामुळे लेबलावर सारखेच वॉट असलेली दोन पॅनेलं राजस्थानात आणि मालवणात लावली, तर मालवणात कॅडमियमवालं लेबलाच्या मानाने थोडं बरं चालतं. थोडं म्हणजे थोडंच, दोन-चार टक्क्यांची गोष्ट. पण आपल्या घामेजल्या हवेचा कुणाला तरी फायदा होतो, याचा मला उगाच आनंद झाला होता.

उष्णतेतही कॅडमियम टेल्युराइडची सरशी होती. दर अंशामागे त्याची घट 0.3 टक्क्यांच्या आसपास. मी 'होती' म्हणते, कारण सिलिकॉनची नवी पॅनेलंही आता त्याच आकड्यावर आली आहेत, काही त्याच्याही खाली. आणि ती कशी आली हे पाहण्यासारखं आहे. हेटेरोजंक्शन नावाच्या प्रकारात स्फटिक सिलिकॉनच्या चकतीला दोन्ही अंगांनी अमॉर्फस सिलिकॉनचा काही नॅनोमीटरचा लेप देतात. तोच तो कॅल्क्युलेटरवरचा थकणारा पदार्थ! सान्यो कंपनीने 1990 च्या दशकात हे जमवलं. एकट्याने घर चालवणं ज्याला झेपलं नाही, त्याने दुसऱ्याच्या घरात राहून ते सावरलं.

आता त्या हवेची दुसरी बाजू. पॅनेलबाहेरची वाफ कॅडमियम टेल्युराइडला उपयोगी, आणि आत शिरलेली वाफ कुठल्याही थिन फिल्मचा जीव घेणारी. थरच जर दोन-तीन मायक्रॉनचा असेल, तर कुजायला कितीसं पाणी लागणार? म्हणून हा थर दोन काचांमध्ये बंद करतात आणि चारही कडांना सील भरतात. लोणच्याची बरणी बुडाकडून नासत नाही, तोंडाकडून नासते; पॅनेलचंही तसंच आहे, ते मरतं कडेकडून. पॅनेलच्या परीक्षेत एक पेपर असा असतो की ते बंद पेटीत 85 अंश तापमानात आणि 85 टक्के दमटपणात 1000 तास ठेवायचं. 1000 तास म्हणजे बेचाळीसेक दिवस. आपला पावसाळा चार महिन्यांचा, आणि तो दरवर्षी येतो. 85 अंश तापमान आपल्याकडे नसतं हे खरं, पण दमटपणाच्या बाबतीत जुलै-ऑगस्टचा वेंगुर्ला त्या पेटीला हार जात नाही. शिवाय त्या पेटीत खारा वारा नसतो. त्याची परीक्षा वेगळी असते, आयईसी 61701 या नावाची, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. बहुतेक जण मागत नाहीत.

इथेच ती गुंडाळता येणारी चटई अडते.

लोकांना वाटतं थिन फिल्म म्हणजे हलकं पॅनेल. फिल्म हलकी असते, पॅनेल नसतं. दोन काचांमधलं कॅडमियमवालं पॅनेल चौरस मीटरला तेरा-चौदा किलो भरतं. एका काचेचं साधं सिलिकॉन अकराच्या आसपास. म्हणजे पातळवालंच जड! काच काढून टाकली आणि फिल्म स्टीलच्या पत्रीवर किंवा प्लास्टिकवर बसवली की वजन दोन-चार किलोंवर येतं, ते वाकतं, चिकटतं, व्हिडिओत सुंदर दिसतं. पण काचेतून वाफ अजिबात जात नाही, प्लास्टिकमधून जाते. डोळ्यांना पाणी झिरपताना दिसणार नाही, तरी रेणू रेणू करत वाफ आत सरकत राहते. ती अडवणारे थर असतात, बनवता येतात, आणि तेच त्या पॅनेलमधलं सगळ्यात महाग काम असतं. स्वस्त मालात नेमकं तिथेच हात आखडतात.

ओळखीच्या एका मच्छीमाराने आपल्या बोटीच्या केबिनवर असं लवचीक पॅनेल चिकटवलं होतं. दिवे, वायरलेस आणि जीपीएस एवढंच चालवायचं होतं. पहिला हंगाम झकास गेला. नारळी पौर्णिमेनंतर बोट पुन्हा पाण्यात उतरवली तेव्हा पॅनेलच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या. पुढच्या पावसानंतर आतल्या पट्ट्यांवर तांबूस डाग आले आणि व्होल्टेज पडलं. विकणाऱ्याने हमीपत्रातलं एक कलम दाखवलं: समुद्रावरचा वापर वगळून. ते कलम बोटीसाठी विकताना का दाखवलं नाही, असं विचारायला हवं होतं. त्या मच्छीमाराने शिव्या घालून विचारलंही. त्याने मग काचेचं छोटं पॅनेल घेतलं आणि चांगल्या स्टीलच्या नटबोल्टांनी आवळून टाकलं.

खरं तर किनाऱ्यावर पॅनेलच्या आधी बाकीचंच सामान जातं. साधे जीआय अँगल, कनेक्टरच्या पिना, अर्थिंगची पट्टी, इन्व्हर्टरच्या आतला बोर्ड. 304 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रूसुद्धा समुद्राकडच्या बाजूला डागाळतात, तिथे 316 दर्जाचं लागतं. यावर एक वेगळा लेख होईल.

कौलांचा प्रश्न मात्र सगळ्यांचा असतो. मंगळुरी कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक कौलं. म्हणजे आपलं छप्पर चौरस मीटरला पस्तीसेक किलो वर्षानुवर्षं पेलतच आलंय, वर बारा किलो चढले म्हणून चांगले वासे लगेच मोडत नाहीत. वाळवी लागलेल्या वाशांचं मी बोलत नाही. अडचण येते ती पॅनेल धरून ठेवण्यात. आमचा वायरमन म्हणतो, "वयनी, कौलार माणूस चढलो तर कौला फुटतली, पॅनेलाचा ऱ्हवांदे." एक कौल काढून वाशाला हूक मारला की तिथून गळती सुरू होते, आणि "पाणी खयसून जाता ता पाण्याकच म्हायत" हे त्याचं वाक्य मी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत घालायला तयार आहे. त्यात वारा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्याला घासून वर गेलं. पॅनेल आणि छप्पर यांच्यामधल्या फटीत असा वारा घुसला की तो पॅनेल वर उचलतो. चिकटवलेल्या फिल्मला ही भीती कमी, कारण खाली फटच नसते. पण फट नसली की खालून हवा खेळत नाही, आणि मग सेल आणखी तापतो. कुठूनही धरा, एक हाती लागतं आणि दुसरं सुटतं.

आमच्या घरी मी सुचवलं होतं की खळ्यात चार खांब उभे करून पॅनेलांचाच मांडव घालू. कौलांना हात नको, खालून वारा मोकळा, धुवायला सोपं. सासूबाईंनी एका वाक्यात तो बेत मोडला. "आणि मगे सोलां खंय सुकवतलंस?" एप्रिल-मेचं खळ्यातलं ऊन म्हणजे सोलां, आंबोशी, मिरच्या, सांडगे, उकड्या तांदळाचं भात. त्या उन्हाचं वाटप पॅनेलच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं आहे. शेवटी दोन काचांमधली सिलिकॉनची पॅनेलं गोठ्याच्या पत्र्यावर गेली, पत्र्यापासून वीतभर उंच. जुलैत ती मेच्या निम्म्यावर येतात. काळ्या ढगांतून येणाऱ्या उजेडात थिन फिल्म फार चांगली चालते असं विकणारे सांगतात. थोडं तथ्य आहे, पण जे आकाशातून आलंच नाही ते कुठलंच पॅनेल देऊ शकत नाही.

सध्या सगळ्यांच्या तोंडी नाव आहे पेरोव्स्काइटचं. हे मूळचं एका खनिजाचं नाव; 1839 मध्ये उरल पर्वतात ते सापडलं आणि रशियातल्या लेव्ह पेरोव्स्की यांच्यावरून त्याला नाव पडलं. त्याच रचनेचा, पण वेगळ्या मूलद्रव्यांचा पदार्थ जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने सौर सेलमध्ये वापरून पाहिला आणि 2009 मध्ये 3.8 टक्क्यांचा आकडा जाहीर केला. आज प्रयोगशाळेतले एकट्या पेरोव्स्काइटचे सेल 26 टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. सिलिकॉनला एवढी मजल मारायला साठेक वर्षं लागली, याने दीड दशकात मारली. शिवाय त्याचं द्रावण करून ते शाईसारखं पसरता येतं, दीडशे अंशांच्या आतच सगळं उरकतं.

आणि पाण्याचं त्याला वावडं. सुरुवातीच्या प्रकारांत तर काळीभोर फिल्म दमट हवेत पिवळी पडायची, कारण तिचं विघटन होऊन शिशाचं आयोडाइड उरायचं. नव्या मिश्रणांनी आणि सीलबंद करण्याच्या पद्धतींनी ते बरंच सुधारलंय. शिसं असतं चौरस मीटरला ग्रॅमच्या आत, पण असतं. पेरोव्स्काइटची खरी ताकद सिलिकॉनच्या पाठीवर बसण्यात आहे. वरचा थर निळा-हिरवा प्रकाश घेतो, तांबडा आणि त्यापलीकडचा खाली सिलिकॉनला सोडतो. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा 29 टक्क्यांच्या जरा वर आहे; अशा जोडसेलने प्रयोगशाळेत 34 टक्केही ओलांडले. 2024 मध्ये ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने 24.5 टक्क्यांची जोडपॅनेलं ग्राहकाकडे रवानाही केली. आपल्याकडे पवईला आयआयटीत यावर काम चालू आहे. मुंबईची हवा बघता तिथे जे टिकेल ते आपल्याकडे टिकायची आशा धरता येईल.

कॅडमियमचं काय, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न मी टाळत नाही. कॅडमियम विषारी आहे. टेल्युरियमशी बांधलेलं असताना ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि दोन काचांत बंद असतं, ही त्याची जमेची बाजू. पॅनेल फुटलं, जुनं झालं, मग? 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलं घेतली आहेत, पण आमच्या गावात कचरा उचलायला नियम येत नाही, भंगारवाला येतो. तो फ्रेमचं ॲल्युमिनियम काढून घेतो आणि काच कुठल्यातरी चिरेखाणीत टाकतो. कॅडमियमची पॅनेलं बनवणारे ती परत घेऊन धातू काढायची सोय ठेवतात, पण ते मोठ्या प्रकल्पांसाठी. घरगुती पॅनेल कुडाळहून परत कोण नेणार, हे विकत घेतानाच लिहून मागावं.

कार्यक्षमतेच्या टक्क्यांचं घराच्या छपरावर मला तितकं महत्त्व वाटत नाही. गोठा मोठा आहे, दोन पॅनेलं जास्त लावली तर कुणाचं काही जात नाही. सड्यावर मात्र हिशेब वेगळा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे बाहेरच्या माणसाला सोलरसाठी देवाने राखून ठेवलेले वाटतात: सपाट, झाड नाही, घर नाही. 20 टक्क्यांच्या पॅनेलने 1 मेगावॉट हवं असेल तर नुसत्या पॅनेलांखाली 5000 चौरस मीटर जातात. 10 टक्क्यांच्या फिल्मने 10,000, आणि 25 टक्क्यांच्या जोडपॅनेलने 4000. ओळींमधली जागा, रस्ते, कुंपण वेगळं. त्याच कातळावर बारसू, कशेळी, कुडोपी इथली कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेली, आणि अशी कितीतरी अजून मातीखाली असणार. पावसात तिथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, गुरं चरतात, खाली वाड्यांच्या विहिरींना पाणी जातं ते याच भेगांतून. तेव्हा कुणाच्या ग्रामसभेत सोलर प्रकल्पाचा विषय आला तर दोन गोष्टी विचारून घ्या. पॅनेल किती टक्क्यांचं आणि मेगावॉटला कातळ किती जाणार, हे पहिलं. दुसरं, जागेची पाहणी कुठल्या महिन्यात केली. मे म्हणाले तर त्यांना ऑगस्टमध्ये परत बोलवा.